कोऱ्या शीटमधून रेल्वेची वाघीण घडवायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मॉडेल रेल्वेच्या छंदात तयार गाडी रुळांवर सोडता येते, किटमधले भाग जुळवता येतात आणि मूळ वाहनाचा आराखडा समोर ठेवून कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून सारे स्वतः घडवताही येते. या तिसऱ्या वाटेवर आपण मला बोट धरून नेलेत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. नव्याने या छंदात येणाऱ्यांनाही आपली शिकवण उपयोगी पडावी, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे.

आपण सुरुवातीला माझ्या हाती कटर दिला नाहीत, एका चारचाकी बंद वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, आराखडा दिलात आणि त्यावरचे प्रत्येक माप एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, उतरवायला सांगितलेत. या प्रमाणात एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर होतात, १४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज, म्हणजे दोन रुळांमधले प्रमाणित अंतर, १६.५ मिलिमीटरवर येतो आणि सात इंची फळी जेमतेम दोन मिलिमीटरांची उरते. मापे उतरवताना प्रश्न पडत गेले: ही तिरपी पट्टी कोणता भार पेलते, इथेच इतके रिव्हेट का, ब्रेकचा दांडा कुठून कुठे जातो? तयार मॉडेल हाती घेतल्यावर हे प्रश्न सहसा पडत नाहीत, कारण त्यांची उत्तरे दुसऱ्या कोणीतरी आधीच शोधलेली असतात. स्वतः घडवताना मात्र कोणताही भाग समजून घेतल्याशिवाय बसवता येत नाही, आणि मला या कामाची गोडी लागली ती नेमकी याच कारणाने. शिवाय ज्या वाघिणीचे मॉडेल कोणतीही कंपनी काढणार नाही, तीही आपल्या रुळांवर धावू शकते, हा आनंद वेगळाच.

जाडीविषयी आपण जे सांगितलेत ते मला सर्वांत मोलाचे वाटते. अर्धा मिलिमीटर जाडीची शीट या प्रमाणात साडेत्रेचाळीस मिलिमीटर जाड पत्र्याइतकी भासते. म्हणून जिथे कड नजरेस पडते तिथेच ती आतल्या बाजूने कानशीने निमुळती करावी आणि बाकी ठिकाणी मजबुतीसाठी जाडी राहू द्यावी. शीट आरपार न कापता खोल ओरखडा काढून मोडणे, रिव्हेटसाठी पाठीमागून सुईने उठाव काढणे, हेही आपल्याकडूनच आले. द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो, पण बंद पेटीत कोंडलेली त्याची वाफ पुढे भिंती वाकवते. त्यासाठी तळाला छिद्र ठेवण्याची आपली सूचना किती दूरदृष्टीची! वजनासाठी भरलेले शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदाने चिकटवू नयेत, कारण काही वर्षांनी शिसे गंजून फुगते आणि सांधे उकलतात, हेही आपण वेळीच सांगितलेत.

यासाठी महागडी यंत्रे लागतात, हा माझा समज आपण इंग्लंडमधील मॉडेल रेल्वेकार जॉन अहर्न यांचा दाखला देऊन दूर केलात. त्यांची पुठ्ठ्याच्या इमारतींची मॅडर व्हॅली ही मॉडेल रेल्वे आज तिथल्या पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. चांगली पोलादी पट्टी, धारदार पाते, बारीक कानशी आणि भरपूर उजेड एवढ्यावर किती काम होते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

वाघीण पूर्ण झाली आहे. आपल्या सल्ल्यानुसार तिचा एक आस मध्यावर डोलता ठेवला, त्यामुळे उंचसखल रुळांवरही चारही चाके टेकलेली राहतात.

आता इंजिनाच्या चासिसला, म्हणजे चाके धरणाऱ्या सांगाड्याला, हात घालत आहे. पितळेच्या दोन्ही बाजूपट्ट्या एकत्र डाखून, चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या जोडदांड्यांच्याच भोकांवरून आसांची भोके पाडण्याची आपली पद्धत वापरणार आहे, कारण आसांमधले अंतर आणि जोडदांड्यांच्या भोकांमधले अंतर तंतोतंत जुळले नाही तर इंजिन अडखळते. डाव्या-उजव्या चाकांवरच्या क्रँकमधला, म्हणजे जोडदांडे जिथे बसतात त्या खुंट्यांमधला, ९० अंशांचा कोन सर्व आसांवर सारखा कसा राखावा, हे मात्र आपल्या शेजारी बसूनच शिकायचे आहे. आपल्या सवडीने बोलवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी