न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या पात्रांच्या लकबी म्हणजे नटांच्या रिकाम्या हातांना दिलेला चाळा, त्यांत शोधण्यासारखे काही नाही, असे तू ठामपणे लिहिले आहेस. ते वाचून मी नाटक पुन्हा काढले आणि तुझ्याशी भांडण्याची हौस आणखी वाढली. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते रंगभूमीवर आणले तेव्हा सुलभा देशपांडे नायिका बेणारे झाल्या होत्या, आपण तो प्रयोग पाहायला फार उशिरा जन्मलो, त्यामुळे कंसांतल्या रंगसूचनांवरच भागवावे लागते. पण त्या सूचना नीट वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते : यांतली बहुतेक माणसे आपल्या सवयींतून कोणीही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतात.

नाटकातली हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात, काशीकर न्यायाधीश होतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारे बाई आरोपी, हे तुला आठवत असेलच. त्यांच्यातल्या पोंक्षेचा पाइप घे. त्याला त्याचे शिक्षण कोणी विचारलेले नाही, तरी तो शास्त्रज्ञाचा आव आणून पाइप ओढत राहतो. आणि हा गृहस्थ इंटर नापास आहे हे बेणारे बाई पहिल्याच अंकात सामंतासारख्या परक्या माणसाला सांगून टाकतात. सुखात्म्यांच्या वकिली रुबाबामागे अशिलांची वानवा आहे. चारचौघांत पत्नीला पदोपदी गप्प करणाऱ्या काशीकरांनी तिच्यासाठी गजरा घ्यावा आणि तो घेतल्याचे सगळ्यांना कळावे, यातही तीच गोम आहे. कर्णिकाचे पान खाणे मात्र मला नुसते पान खाणेच वाटते. प्रत्येक लकबीच्या पोटात शिरण्याचा अट्टहास मीही करणार नाही.

काशीकरांचे कान कोरणे मला आधी निव्वळ विनोदी वाटे. या वेळी ते अंगावर आले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून कान इतके साफ करणारा हा माणूस आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देतो, आणि बाईंचे दीर्घ स्वगत सुरू असताना सारे जण जागच्या जागी थिजलेले असतात, म्हणजे ते कोणाच्याही कानी पडत नाही. यामागे काशीकरांचा हेतू काय, असे विचारशील तर माझ्यापाशी नेमके उत्तर नाही. कदाचित ऐकण्याची तयारी चालली आहे असे दाखवत राहिले म्हणजे ऐकावे लागत नसेल.

पण खरा गुंता बेणारे बाईंचा आहे. शाळेत आपल्याला कधी उशीर होत नाही, वेळेवरून कोणी बोल लावलेला नाही, हे त्या सामंताला अभिमानाने सांगतात. पहिल्या वाचनात ही शिस्तप्रिय मास्तरणीची ओळख वाटते. पुढे काय होणार हे ठाऊक असताना वाचले की कळते, शाळेत होणाऱ्या चौकशीची कुणकुण त्यांना आधीच लागलेली आहे, पोटात मूल आहे, आणि त्या मुलाचे वडील प्रा. दामले येणार नाहीत. कामात खोट काढता येऊ नये म्हणून ही बाई दररोज घंटेआधी शाळेच्या उंबरठ्यावर उभी राहते. अभिरूप न्यायालय भरण्याच्या कितीतरी आधीपासून ती स्वतःच्या बचावाचा पुरावा जमवत आली आहे. पोंक्षेचा पाइप नसलेली गोष्ट असल्याचे भासवतो. बाईंचा वक्तशीरपणा मात्र खरा आहे, आणि खटल्यात त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. आता सांग, याला हातांचा चाळा कसे म्हणायचे?

एका सवयीपाशी मात्र मी अडलो आहे. बाई मधूनमधून गाणी गुणगुणतात, ते अस्वस्थता लपवण्यासाठी, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. पण शेवटी त्या निश्चल पडलेल्या असतात, सामंत कापडी पोपट त्यांच्याजवळ ठेवून निघून जातो, आणि तरीही चिमणीच्या घरट्याचे गाणे त्यांच्याच आवाजात ऐकू येते. तेव्हा ज्याच्यापासून काही लपवावे असे समोर कोणीच उरलेले नसते. मग ते कोणासाठी? तुझे मत सविस्तर कळव. ‘नटाला विश्रांती मिळावी म्हणून’ असे लिहिलेस तर मात्र उत्तर देणार नाही.

तुझा,
जुना भांडखोर मित्र