एमजीबीत व्ही-८ बसवताना

संपादक महोदय,

जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोव्हरचे ३.५ लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन घालण्याची चर्चा बहुधा वजनावर अडते. ही भीती फोल आहे. हे इंजिन ॲल्युमिनियमचे, मूळच्या १७९८ सीसी बिडाच्या इंजिनाहून फारसे जड नाही; एमजी कंपनीनेच १९७३ ते १९७६ दरम्यान हे इंजिन घातलेली एमजीबी जीटी व्ही-८ बनवली होती. खरी अडचण जागेची. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ्यांचा जुडगा, स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो. रेडिएटर पुढे सरकवून दोन विजेचे पंखे लावले नाहीत, तर रहदारीत पाणी उकळते. डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचे, मूळचे ३.९ गुणोत्तर ठेवले, तर महामार्गावर इंजिन उगाच ओरडत राहते, ३.०७ घ्यावे. पुढच्या जाड ब्रेक डिस्क मात्र इंजिनाआधीच बसवाव्यात. तिथे पैसे वाचवणाऱ्यांची खरोखर धास्ती वाटते.

– एक वाचक