आधी जमिनीखाली, मग जमिनीवर

रोम,
१२ फेब्रुवारी

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

ऑक्टोबरात धर्मग्रामातली चौदा माणसं घेऊन येताय आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या खुणाच मुख्यतः बघायच्या आहेत, हे वाचून फार आनंद झाला. एजंटने आखलेला कार्यक्रम मात्र मला पटला नाही. पहिल्या दिवशी संत पेत्राचं भव्य मंदिर आणि कॅटाकोम, म्हणजे जमिनीखालच्या भुयारी दफनभूमी, शेवटच्या सकाळी, विमानाच्या आधी घाईघाईने. हा क्रम उलटा करा. घुमट आणि सोनं आधी पाहिलं की भुयारातली हातभर चित्रं पोरांनी काढल्यासारखी वाटतात आणि माणसं पुढे सरकतात. तीच चित्रं आधी पाहिली, तर वरच्या प्रत्येक चर्चमध्ये काय बदललं ते गाइडने न सांगताही कळतं. म्हणून आधी जमिनीखाली, मग जमिनीवर.

वार नीट सांभाळा, कारण बहुतेक गटांची फजिती तिथेच होते. लोकांसाठी नेहमी खुल्या असलेल्या कॅटाकोमची साप्ताहिक सुट्टी एका दिवशी नसते. प्रिशिल्ला सोमवारी बंद, दोमितिल्ला मंगळवारी, सान कालिस्तो बुधवारी आणि सान सेबास्तियानो रविवारी. शिवाय दुपारी १२ ते २ बहुतेक ठिकाणी दार बंद. चर्चेसही साधारण साडेबारा ते तीन मिटलेली असतात. बुधवारी सकाळी पोपमहोदयांची भेट असते, ती तुम्ही सोडणार नाहीच. म्हणून बुधवार व्हॅटिकनला द्या आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार या कामाला. हिवाळ्यात यातलं एकेक ठिकाण आळीपाळीने काही आठवडे बंद असतं. ऑक्टोबरात ती अडचण नाही, तरी बुकिंग करताना तारीख विचारून घ्या.

गुरुवारी सकाळी प्रिशिल्ला. सालारिया रस्त्यावर आहे, तेर्मिनी स्टेशनवरून ९२ नंबरची बस जाते. सान कालिस्तोपेक्षा इथे गर्दी कमी आणि चित्रं जास्त, म्हणून सुरुवात इथूनच. एकट्याने आत सोडत नाहीत. तिकिटातच गाइड येतो आणि फेरी पाऊण तासाची असते. मराठीत सांगणारं कोणी नाही, इंग्रजी गट मागावा लागतो. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आदल्या रात्री सगळ्यांना वाचून दाखवा. आत थांबवून भाषांतर करायला वेळ मिळत नाही, मागे दुसरा गट उभा असतो.

पहिली गोष्ट, छळाच्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहत होते हा समज काढून टाका. ही दफनभूमी होती आणि सरकारला ती माहीत होती. रोमन कायद्याने शहराच्या आत पुरायला बंदी, म्हणून सगळ्या दफनभूमी वेशीबाहेरच्या रस्त्यांवर. जागा महाग, गरीब माणसं पुष्कळ, आणि ख्रिस्ती लोक प्रेत जाळत नसत. म्हणून खाली खणत गेले. रोमचा तूफा हा ज्वालामुखीचा दगड आपल्या जांभ्यासारखा वागतो. खणताना मऊ, हवा लागली की कठीण. खणणाऱ्यांची वेगळी जमातच होती, त्यांना फोस्सोर म्हणत. वर झरोका पाडायचा, त्यातून माती ओढून काढायची आणि मग तोच झरोका उजेडासाठी ठेवायचा. जागा संपली की त्याच बोळाची जमीन आणखी खोल करायची. त्यामुळे एकाच भिंतीत वरचे खण बहुधा जुने आणि खालचे नंतरचे असतात. हे लक्षात ठेवून भिंत बघितली तर ती वाचता येते.

भिंतीतल्या आडव्या खणाला लोकुलुस म्हणतात. कापडात गुंडाळलेलं प्रेत आत ठेवून तोंड विटांनी किंवा संगमरवरी फळीने चुन्यात बंद करत. ज्याला नाव कोरायला पैसे नव्हते, तो ओल्या चुन्यात दिवा, नाणं, शिंपला, काचेचा तुकडा दाबून ठेवी, म्हणजे आपला खण पुन्हा सापडेल. अशा खुणा काही ठिकाणी अजून आहेत. लहान मुलांचे हातभर खण किती आहेत तेही पाहा. हाडं दिसतील का असं वहिनींनी विचारलं आहे. फेरीच्या वाटेवर दिसत नाहीत. शहराबाहेर लुटालूट वाढली तेव्हा, आठव्या-नवव्या शतकांत, हुतात्म्यांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले. नंतर वाटाच विसरल्या गेल्या.

प्रिशिल्लात तीन गोष्टींपाशी गाइडला जरा रेंगाळायला सांगा. एक, बुरखा घेतलेली, हात वर करून प्रार्थना करणारी स्त्री. हात पसरलेल्या अशा आकृतीला ओरान्त म्हणतात, पुढे सगळीकडे भेटेल. दुसरी, छताच्या कडेला बाळाला मांडीवर घेतलेली माता. शेजारचा पुरुष ताऱ्याकडे बोट दाखवतो आहे. तिसऱ्या शतकातलं हे चित्र मरियामातेच्या अगदी जुन्या चित्रांपैकी मानलं जातं. ते लहान आहे आणि मान वर करून शोधावं लागतं, म्हणून पुढच्यांनी पाहून लगेच बाजूला व्हावं. तिसरी, ग्रीक कपेला नावाची खोली. तिथल्या कमानीवर सात जण जेवायला बसले आहेत, पुढे भाकरी आणि मासे, कडेला टोपल्या. आपल्या मिस्साची, भाकरी मोडायच्या विधीची, आठवण करून देणारं हे दृश्य पाहताना कोणी बोलू नये असं मला वाटतं.

मासा का, हा प्रश्न हमखास येतो. ग्रीक भाषेत माशाला इख्थुस म्हणतात. येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा या पाच ग्रीक शब्दांची पहिली अक्षरं जोडली की तोच शब्द होतो. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. बायबलातला योना संदेष्टा तीनदा येतो, बोटीतून फेकलेला, जलराक्षसाच्या तोंडी आणि वेलाखाली निवांत पडलेला. तो जलराक्षस देवमासा नसून सापासारखा वळणावळणाचा प्राणी आहे, रोमन चित्रकारांना समुद्रातला अक्राळविक्राळ जीव तसाच काढायची सवय होती. येशू खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ म्हणून भेटतो, तरुण, दाढी नाही. आणि क्रूसावर खिळलेला येशू मात्र इथे कुठेही नाही. हे गटाला आधीच सांगून ठेवा, शनिवारपर्यंत त्याचा उलगडा होईल.

फोटोला सक्त मनाई आहे. ही नुसती शिस्त नाही. माणसांच्या श्वासाने हवेतला ओलावा आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि दिव्याच्या उजेडात भिंतीवर हिरवं शेवाळ धरतं. म्हणून गाइड मागचे दिवे लगेच मालवतो. शेवटच्या माणसाने रेंगाळायचं नाही, बोळ एकसारखे दिसतात आणि प्रिशिल्लात तर ते काही किलोमीटर पसरले आहेत.

दुपारी टॅक्सीने किंवा बसने नोमेन्ताना रस्त्यावर सान्ता कोस्तान्झाला जा. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची ही समाधी, चौथ्या शतकातली. गोल इमारत, मध्यभागी खांबांच्या बारा जोड्या, आणि भोवतालच्या छतावर पांढऱ्या जमिनीवर द्राक्षवेली, पक्षी, द्राक्षं तुडवणारी माणसं. यात ख्रिस्ती काय, असं विचाराल. पुढे कित्येक शतकं लोक या वास्तूला मद्यदेव बाकसचं देऊळच समजत होते. नवा धर्म जुन्या कारागिरांच्या हातून कसा घडला ते इथे ढळढळीत दिसतं. शनिवारी इथे लग्नं असतात आणि पाहुण्यांना बाहेर थांबावं लागतं, म्हणून गुरुवारच बरा. लागूनच संत अग्नेसचं चर्च आहे. २१ जानेवारीला तिच्या सणाला तिथे दोन कोकरांना आशीर्वाद देतात. पोप आर्चबिशपांना जो लोकरी पट्टा देतात, त्याच्या लोकरीचा संबंध या कोकरांशी.

शुक्रवारी आप्पिया आंतिका. चिर्को मास्सिमोजवळून ११८ नंबरची बस. ती वेळेवर येईलच असं धरू नका, पहिल्या फेरीआधी तासभर हाताशी ठेवा. पोर्ता सान सेबास्तियानो वेशीपासून चालत जायचा मोह आवरा. तिथे फुटपाथ नाही आणि गाड्या भिंतीला घासून जातात. ‘दोमिने क्वो वादिस’ या छोट्या चर्चपाशी उतरा आणि सान कालिस्तोच्या आवारातल्या सरूच्या झाडांच्या रस्त्याने आत जा. पेत्र रोम सोडून पळत असताना त्याला प्रभू भेटला, ती परंपरा या चर्चची.

सान कालिस्तोचे बोळ साधारण २० किलोमीटर, चार मजले. फेरीत त्यातला जरासाच भाग दाखवतात. इथली पोपांची खोली म्हणजे तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपांची जागा. १८५४ साली जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी ती शोधली. ग्रीक अक्षरांतल्या पाट्या भिंतीला लावल्या आहेत. नाव आणि पुढे ‘बिशप’ एवढंच, ना स्तुती ना चरित्र. पोप फाबियानच्या पाटीवर नंतर कोणीतरी ‘हुतात्मा’ची अक्षरं कोरली. पोप दुसरे सिक्स्तुस यांना ६ ऑगस्ट २५८ रोजी दफनभूमीतच पकडून मारलं, सम्राट व्हॅलेरियनने तिथे जमायला बंदी घातलेली असताना. शेजारी हुतात्मा संत सिसिलियाची मूर्ती आहे, ती प्रत आहे. मूळ मूर्ती स्तेफानो मादेर्नोने १६०० च्या सुमारास त्रास्तेवेरेतल्या तिच्या चर्चसाठी घडवली. मानेवरचा घाव आणि हाताची बोटं पाहा, एका हाताची तीन उघडी आणि दुसऱ्याचं एक.

आणि आपल्या लोकांना हे जरूर सांगा. या सगळ्या जागांची देखरेख करणारा पोपचा पुरातत्त्व आयोग १८५२ साली पोप नववे पायस यांनी स्थापला. दहा वर्षांनी, १८६२ साली, आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाला संतपद दिलं तेही त्यांनीच.

फादर बरोबर येणार असतील तर इथे खालीच मिस्सा करता येते, पण जागा आणि वेळ आधी राखावी लागते. मी चौकशी करते. दुपारी सान सेबास्तियानो. तिथली जमीन खळग्यात होती, ‘खळग्यांपाशी’ या अर्थाचे ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘आद काताकुंबास’ झाले आणि पुढे सगळ्याच भुयारांना ते नाव पडलं. तिथल्या एका भिंतीवर यात्रेकरूंनी पेत्र आणि पौलाला घातलेली साकडी खरडलेली आहेत, शेकडो. आपण नोव्हेनाच्या पेटीत चिठ्ठी टाकतो, तशीच.

परतीच्या बसने चिर्को मास्सिमोला उतरून आव्हेन्तिनो टेकडी चढा. सान्ता साबिनाला सहाच्या आत पोचायला हवं. पोप सेलेस्तिन पहिले यांच्या काळात, ४३० च्या आसपास, बांधलेलं हे चर्च रोममधलं माझं सगळ्यात आवडतं. आत जायच्या आधी ओसरीतलं लाकडी दार बघा. मूळच्या २८ चौकटींपैकी १८ शिल्लक आहेत. सगळ्यात वर डावीकडे छोट्या चौकटीत तीन माणसं हात पसरून उभी आहेत. सर्वांसमोर मांडलेलं, टिकून राहिलेलं हे क्रूसारोहणाचं सगळ्यात जुनं चित्र. त्यातही क्रूस जवळजवळ दिसतच नाही. ती गुलाम-गुन्हेगारांची शिक्षा होती. ती प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढ्या गेल्यावरच कारागिरांचा हात तिकडे वळला. दुर्बीण न्या, चौकट उंचावर आहे आणि ओसरीत अंधार असतो.

शनिवारी सकाळी सान क्लेमेन्ते. खालच्या मजल्यांचं वेळ ठरवलेलं तिकीट आधी काढा. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, आणि त्याच्याही खाली रोमन घरं आणि मिथ्रास नावाच्या देवाचं गुहेसारखं देऊळ. तळाशी पाण्याचा आवाज येतो. पायऱ्या ओलसर असतात, कठडा धरूनच उतरा. फादर जोसेफ मुलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूंनी १८५७ पासून हे खणून काढलं. पाणी साठू लागलं म्हणून १९१२ ते १९१४ मध्ये थेट कॉलोसियमकडे बोगदा काढावा लागला.

तिथून लातेरानचा अष्टकोनी स्नानसंस्कार-मंडप चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. साडेबाराच्या आत उरका. तीननंतर सान्ता पुदेन्झियाना, रस्त्याच्या पातळीखाली असल्यामुळे सहज चुकतं. आतल्या कमानीवरचं मोझाइक ४०० च्या सुमाराचं. मेंढपाळ गेला. येशू आता दाढीवाला, सोनेरी वस्त्रात, रत्नांच्या सिंहासनावर, आणि प्रेषित रोमन सिनेटरांसारखे झगे घालून भोवती बसलेले. सोळाव्या शतकात चर्च दुरुस्त करताना कडेचे दोन प्रेषित आणि खालचा भाग कापला गेला, म्हणून बाराऐवजी दहाच मोजाल. प्रिशिल्लातला कोकरूवाला डोळ्यांपुढे ठेवून इथे पाच मिनिटं गप्प बसा. जवळच सान्ता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस यांची कबर तिथे असल्याने रांग मोठी असते, ती संध्याकाळसाठी ठेवा.

सामानाचं थोडक्यात. भुयारांत बाराही महिने साधारण १५ अंश आणि दमट, म्हणून स्वेटर. खांदे आणि गुडघे झाकलेले. रबरी तळाचे बूट, चपला नकोत. दिवे लावायला काही चर्चमध्ये नाणी टाकावी लागतात, ५० सेंट आणि एक युरोची चिल्लर जमवा.

आता मला लवकर कळवा, चौदांपैकी गुडघेदुखीवाले किती आणि बंद जागेची भीती कोणाला. बोळ जेमतेम मीटरभर रुंद आहेत आणि मध्येच मागे फिरता येत नाही. अशांना वर बागेत बसवता येतं, पण तिकीट काढायच्या आधी हे ठरलं पाहिजे. फादरांचं नक्की झालं की मिस्सासाठी तारीख मागते.

तुमची धाकटी