सेसचे 187 रुपये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात मुलीला स्कूटर घेतली, 125 सीसीची, एक्स-शोरूम 85 हजार. शोरूममधून मिळालेले कागद मी एरवी न वाचताच फाइलला लावते पण यावेळी म्हटलं बघू तरी, चष्मा लावून बसले. टॅक्स 11 टक्के, म्हणजे 9,350. ते ठीक, 299 सीसीच्या पुढे तर 12 आहे. रजिस्ट्रेशनचे 300. आणि खाली एक बारकी ओळ, सेस 187 रुपये. हे काय म्हणून विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला मॅडम तो रोड सेफ्टीचा असतो, टॅक्सच्या 2 टक्के, सगळ्यांनाच लागतो.

बरं, लागू दे. पण या 187 रुपयांतली सेफ्टी आमच्या मुलीपर्यंत किती पोचली ते सांगते.

लर्निंग लायसन्स 2021 पासून घरबसल्या निघतं, चांगली सोय आहे, हेलपाटा वाचला. 150 फी आणि परीक्षेचे 50. परीक्षेआधी सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो, तो आमच्या बाईसाहेबांनी आवाज बंद करून चालू ठेवला आणि तोवर मॅगी खाल्ली. 15 प्रश्न, 9 बरोबर आले की पास, हिचे 13 आले. मग महिन्याभराने पक्क्या लायसन्सची टेस्ट, तिचे 300 वेगळे, लायसन्सचे आणि कार्डाचे अजून वेगळे. टेस्ट म्हणजे काय तर 8 चा आकडा काढायचा आणि पाय टेकायचा नाही. मी पर्समधून बाटली काढून दोन घोट पाणी पिईपर्यंत ती पास होऊन आली सुद्धा! ब्रेक कसा मारतेस असं कोणी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पडली. आमच्याच गल्लीच्या वळणावर बांधकामाची खडी पसरली होती, कुत्रं आडवं आलं आणि हिने घाबरून उजवा ब्रेक करकचून दाबला, पुढचं चाक सटकलं आणि गाडीसकट आडवी. हेल्मेट होतं म्हणून गुडघ्यावर आणि आरशावर निभावलं. तिच्या गाडीला डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो आणि उजवा फक्त पुढच्या चाकाला, हे तिला दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या पोराने सांगितलं, आरसा बसवता बसवता. आता हीच मुलगी रोज नऱ्ह्याला कॉलेजला जाते, नवले पुलाच्या त्या उतारावरून, जिथे कात्रजच्या बोगद्याकडून ब्रेक फेल झालेले ट्रक येतात. मी स्वतः लुनावर शिकले पण तेव्हाचा सिंहगड रोड वेगळा होता हो.

भाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला असतो. तो सांगत होता तिथे मोटरसायकलच्या लायसन्सच्या फीमधलेच थोडे पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि त्यातून तिथल्या रहिवाशांना मैदानावरचं ट्रेनिंग फुकट मिळतं, गाडी पण तेच देतात. आपल्याकडे पैसे तर आधीच घेऊन झालेत, नवीन फी लावा असं मी म्हणतच नाहीये. आणि खरं सांगायचं तर अजून 500 घेतले तरी देईन, पण अर्धा दिवस कुणीतरी पोरांना मैदानावर उभं करून ब्रेक मारायला, खडीवरून, पावसात वळायला शिकवा. शाळा-कॉलेजांची मैदानं रविवारी रिकामीच असतात की.

हेल्मेटसक्तीविरुद्ध 2019 मध्ये आपण पुणेकरांनी मोर्चे काढले, सेसचा हिशोब मात्र कोणी मागितला नाही, मी पण नाही. आता मागतेय. दर वर्षी या सेसचे किती जमतात आणि त्यातले शिकवण्यावर किती जातात, एवढं परिवहन खात्याने आपल्या पेपरातून एकदा छापावं.

सध्या दर रविवारी सकाळी मीच तिला मैदानावर नेते, माझ्या दोन चपला अंतरावर ठेवायच्या आणि त्यांच्या अलीकडे गाडी थांबवायची. परवा सोसायटीतली अजून दोन पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली. पहिल्या फेरीत तिघांनीही चपला चिरडल्या. तिघांकडेही पक्कं लायसन्स आहे.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे