बाबा, गोळ्या बंद करू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल आईच्या बोलण्यातून कळलं की बाबांनी रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी सोडली आहे आणि ॲस्पिरिनही एक दिवसाआड चालू आहे. तळजाईला फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं म्हणे, 'बायपास झाली, आता कशाला लिव्हर खराब करून घेता?' फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, बँकेत असताना आकडे स्वतः पडताळल्याशिवाय तुम्ही कशावर सही केली नाहीत. म्हणून आधी आकडेच सांगते. बायपासनंतर लगेच ॲस्पिरिन दिली तर रक्तस्राव होईल, अशी पूर्वी अनेक सर्जनना धास्ती असायची. २००२ साली डेनिस मँगानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ देशांतल्या ७० केंद्रांमधले ५,०६५ रुग्ण त्यात होते. ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत ज्यांना ॲस्पिरिन मिळाली, त्यांच्यातले १.३ टक्के दगावले. ज्यांना नाही मिळाली, त्यांच्यातले ४ टक्के. पक्षाघात आणि किडनी निकामी होणंही कमी झालं, आणि रक्तस्राव काही वाढला नाही.

तुम्ही लगेच विचाराल, जास्त आजारी माणसांनाच गोळी दिली नसेल कशावरून? शंका रास्त आहे, कारण हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता. पण १९८८चा तसा होता. हार्ट अटॅकचा संशय असलेल्या १७ हजारांहून जास्त लोकांवर तो झाला आणि महिनाभराच्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे मृत्यू पाचव्या हिश्शाहून जास्त घटले. इतक्या स्वस्त गोळीने!

रात्रीच्या गोळीचंही तसंच आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियात हृदयविकार असलेल्या ४,४४४ लोकांना चिठ्ठ्या टाकून स्टॅटिन (तुमच्या रात्रीच्या गोळीसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) किंवा नुसती खोटी गोळी दिली. पाच वर्षांच्या वर लक्ष ठेवलं. खोट्या गोळीच्या गटात २५६ जण गेले, खऱ्या गोळीच्या गटात १८२. मधली ७४ माणसं कुणाचे तरी बाबा नाहीतर आई असणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑपरेशनने अडथळ्याला वळसा घातला, आजार शरीरातच आहे. तुमच्या पायातून काढलेली शीर आयुष्यभर कमी दाबाचं रक्त वाहून नेत होती. आता तिला धमनीचा दाब सोसावा लागतो. तिचं आतलं अस्तर जाड होतं, त्यावर कोलेस्टेरॉल बसतं, आणि काही वर्षांत तीही तुंबू शकते. बायपास झालेल्या लोकांवरच १९९७ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कडकपणे खाली ठेवलं तर या जोडलेल्या शिरा खराब होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २७ वर येतं. तुम्ही छाती उघडून घेतलीत, एवढं सोसलंत, ते ज्या शिरांसाठी, त्यांची राखण ही गोळी करते.

एक दिवसाआडचा हिशेबही चुकतो. डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीत ज्यांच्या आकड्यांची चौकशी चालते, त्याच प्लेटलेट्सना ॲस्पिरिन निकामी करते, आणि त्या मरेपर्यंत तशाच राहतात. पण शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट्स बनवतं, आणि त्या गुठळी करायला मोकळ्या असतात. म्हणून रोज.

'ऑपरेशनआधी डॉक्टरांनीच रक्त पातळ करायची गोळी थांबवली होती' असं तुम्ही आईला म्हणालात. ती क्लोपिडोग्रेल होती. तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढतो, म्हणून ती साधारण पाच दिवस आधी थांबवतात. तो निर्णय सर्जनचा होता, ठरावीक दिवसांपुरता.

लिव्हरची काळजी वाटत असेल तर रक्त तपासून घेऊ. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, हे खरं आहे. तसं होत असेल तर सांगा, डॉक्टर डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. मनाने बंद करणं मात्र नको. दात काढायचा झाला तरी ॲस्पिरिन थांबवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

आई, तुझ्याकडे दोन कामं. गुडघ्यासाठी बाबा मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणतात ती बंद कर. ती ॲस्पिरिनचा परिणाम मारू शकते, शिवाय पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. गुडघ्याला दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारू. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. खर्चाचा प्रश्न असेल तर जन औषधी केंद्रात या गोळ्या स्वस्त मिळतात, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं नाव आणि मिलिग्रॅम ताडून घे. तुझ्या बीपीच्या गोळ्याही बाबांच्या धावपळीत राहतात, हे मला माहीत आहे. त्याही रोज घे.

बाबा, गोळ्या मध्येच सुटल्या होत्या हे आजच डॉक्टरांना फोन करून सांगा आणि ते म्हणतील तशा पुन्हा सुरू करा. पुढच्या तपासणीला मी नाशिकहून येते. तुमच्या शंका कागदावर लिहून ठेवा, तळजाईच्या मंडळींच्या असल्या तरी चालतील. सगळ्या डॉक्टरांपुढे मांडू. तारीख मिळाली की कळवा, म्हणजे मला रजा टाकता येईल.

तुमची,
धाकटी