वर्सोवा कोळीवाड्यातल्या त्या मावशींचे आणि दोन पोरांचे मनापासून आभार

रविवारी आईला घेऊन वेसाव्याच्या (म्हणजे वर्सोव्याच्या) कोळी सीफूड फेस्टिवलला गेलो होतो, मेट्रोने वर्सोवा आणि पुढे रिक्षा. आईचं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवावर, टांगलेले बोंबील दिसले आणि बाई एकदम खूश, प्रत्येक स्टॉलवर थांबून मसाला कुठला, जवळा कधीचा, सगळी चौकशी. आणि तिथेच गर्दीत तिला चक्कर आली, हात एकदम गार पडले, मला काही सुचेना.

समोरच्या स्टॉलवरच्या मावशींनी तव्यावरचे बोंबील तसेच सुनेवर सोडले आणि स्वतःची खुर्ची आणून आईला बसवलं, पदराने वारा घातला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दोन पोरं होती, विशीतली असतील, त्यांनी गर्दी बाजूला केली आणि एकजण धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. बीपी लो झालं होतं, बाकी ठीक. अर्धा तास मावशी धंदा सोडून तिथेच बसून होत्या हो, जून-जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्याला, त्यामुळे फेस्टिवलच्या या दोन-तीन दिवसांची कमाई किती मोलाची असते ते मला माहितीये.

निघताना पैसे विचारले तर रागावल्या, वर तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं सुकं बांधून दिलं, "आयेला घरी भरव" म्हणाल्या. नावं विचारायची राहूनच गेली. मावशी, आई आता बरी आहे, आणि भाकरी तिने सगळी संपवली.