सूची सत्र: काल्पनिक पात्रे आणि प्राणी कलाकार

सर्व सभासदांस नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता पणजीला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या दाराशी जमूया. ग्रंथालयाच्या सूचीसाठी केलेल्या आपापल्या पाच नोंदी आणा.

पात्र आणि कलाकार या दोन नोंदी एकत्र करू नका, ही कळकळीची विनंती. १९४३ च्या चित्रपटातली लॅसी ही मादी, पण ती भूमिका करणारा पाल हा नर कुत्रा. मग लॅसी विषयशीर्षकात (म्हणजे साहित्य कशाविषयी आहे ते सांगणाऱ्या शीर्षकात) ‘(काल्पनिक पात्र)’ जोडून, आणि पाल कलाकारांच्या टीपेत ‘(कुत्रा)’ असे लिहून. ‘हाथी मेरे साथी’मधला (१९७१) रामू हे पात्राचे नाव, हत्तीचे खरे नाव श्रेयनामावलीत सापडले तरच लिहा, अंदाजाने नको.

ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाच्या (इफ्ला) २०१७ च्या प्रतिमानात, म्हणजे सूचीतील माहितीच्या आराखड्यात, कर्ता म्हणजे फक्त खरी माणसे किंवा त्यांचे गट. त्यामुळे प्राणी निर्माता-दिग्दर्शकांच्या रकान्यात जाणार नाही. तरी त्याचे नाव गाळू नका. त्यानेही काम केलेले असते, आणि शोधणारा त्याच नावाने शोधतो.

शिवाजी महाराज, तुकाराम पडद्यावर आले तरी ती ऐतिहासिक व्यक्तीच. तिथे ‘काल्पनिक’ नको.

येणार नसाल तर शनिवारपर्यंत सचिवांना कळवा.